सात रात्री, सहा बंदरं आणि दुपारची झोप

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सहा जण बार्सिलोनाहून सुटणाऱ्या एका मोठ्या जहाजावर सात रात्री राहिलो. मी, नवरा, साडेचार वर्षांची मुलगी, वीस महिन्यांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे, म्हणजे मुलांचे आजी-आजोबा. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, मेस्सिना, व्हॅलेटा, मग एक अख्खा दिवस समुद्रावर आणि परत बार्सिलोना असा मार्ग होता. पुण्यात परतल्यापासून ओळखीतल्या चार-पाच घरांनी फोन करून सगळं विचारून घेतलं. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून आम्ही कोणते निर्णय का घेतले, कुठे चुकलो आणि कशामुळे सावरलो, ते एकदा बैजवार लिहून काढते.

रोम नाही, हे ठरवताना

आमच्यासमोर दोन मार्ग होते आणि दोन्ही सात रात्रींचेच. एकात रोम होतं, दुसऱ्यात मेस्सिना आणि माल्टा (म्हणजे तिथलं व्हॅलेटा बंदर). आजोबा निवृत्त इतिहासशिक्षक. तीस वर्षं फळ्यावर रोमन साम्राज्याचा नकाशा काढलेला माणूस. त्यांच्यापुढे रोम नको म्हणणं मला फार जड गेलं.

पण माहितीपत्रकावर ‘रोम’ असं लिहिलेलं असलं तरी जहाज रोमला लागतच नाही. ते लागतं चिव्हितावेक्कियाला, आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. बंदरातून स्टेशनपर्यंतची बस, मग तासाभराची रेल्वे, तेवढाच वेळ परतीला, वर उशीर होऊ नये म्हणून ठेवायचा मोकळा वेळ. हे सगळं वजा केलं की हातात चारेक तास उरतात आणि तेही नेमके धाकट्याच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत. वीस महिन्यांचं मूल दुपारी झोपलं नाही, तर संध्याकाळी सहा माणसांपैकी कुणालाही सुख लागत नाही.

मी एका वहीत सगळी बंदरं लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न टाकले. जहाजातून उतरल्यावर मुलांना आवडेल अशी पहिली गोष्ट किती अंतरावर आहे? आणि दुपारी एक ते तीन धाकटा कुठे झोपणार? जेनोआ, नेपल्स, मेस्सिना आणि व्हॅलेटा या चारही ठिकाणी जहाज जवळजवळ गावातच उभं राहतं. मार्सेयचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, तिथे बसच लागते. तरीही एकूण हिशेब या मार्गाकडेच झुकला.

तिसरा प्रश्न आजींनी घातला. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात गेलेल्या. किनाऱ्याजवळ बोट उभी राहायची आणि माणसांना, पोरांना, बोचक्यांना पडावात, म्हणजे लहान होडीत उतरवायचे. “आईने मला खलाशाच्या हातात दिलं होतं, तो क्षण अजून पोटात आहे. पोरांना तसं करावं लागेल का?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. भूमध्य समुद्रात आजही सांतोरिनीसारख्या काही ठिकाणी जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान नावेतून किनाऱ्यावर जावं लागतं. बाबागाडी, डायपरची पिशवी आणि गुडघे दुखणारी दोन माणसं घेऊन हे करायची आमची तयारी नव्हती. आमच्या मार्गावर सहाही ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार होतं.

आजोबा दोन दिवस फारसं बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठीक आहे, पण पॉम्पेई मी सोडणार नाही.” पॉम्पेई नेपल्सजवळच, म्हणून नेपल्सचा दिवस त्यांचा, असं तिथेच ठरलं.

कागदपत्रं आणि सामान

स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरला. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यावर घरात वाद झाला. नियम असा आहे की जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखेच भरले तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. इटलीची बंदरं तीन असली, तरी जहाज सुटण्याआधी आम्ही दोन दिवस बार्सिलोनात राहणार होतो, त्यामुळे स्पेनचं पारडं जड झालं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही फेब्रुवारीतच केला. मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा मात्र तान्ह्या मुलालाही लागतो. जहाज तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाऊन येणार असेल, तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा आहे ना, हे तपासून घ्या. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर शेंगेनमधून बाहेर पडलं की परत आत येता येत नाही.

सामानात आमची पहिली चूक होता होता राहिली. आजींनी घरच्या तुपाची बरणी आणि तुपातले बेसनाचे लाडू बांधून ठेवले होते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणता येत नाही, आणि तूपही त्यातच धरलं जातं. सूट आहे ती बाळाच्या दुधाच्या पावडरीला आणि बाळाच्या तयार खाण्याला: बंद पाकीट, फ्रीजमध्ये ठेवावं न लागणारं, माणशी दोन किलोपर्यंत. बरणी आणि लाडू घरीच राहिले. नाचणीचं सत्त्व आणि मेतकूट बरोबर गेलं. विजेची किटली न्यायचं मनात होतं, पण बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने ती चालत नाही. खोलीची साफसफाई करणाऱ्याला सांगितलं की तो थर्मासमध्ये उकळतं पाणी आणून देत असे.

खोल्या दोन घेतल्या, शेजारशेजारच्या, मधलं दार उघडणाऱ्या. जागा जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बाल्कनीचे पैसे जास्त पडले, आणि ते मी पुन्हा देईन. धाकटा दुपारी झोपला की पडदा ओढून आम्ही बाहेर बसायचो. नाहीतर अंधाऱ्या खोलीत कुजबुजत बसावं लागलं असतं. बाल्कनीच्या दाराची कडी उंचावर असते. तरी तिथल्या खुर्च्या आम्ही पहिल्याच दिवशी आत घेतल्या आणि मोठी माणसं बसतील तेवढ्या वेळेपुरत्याच बाहेर काढल्या.

न्हाणीघरात फक्त शॉवर. शॉवरला घाबरणाऱ्या मुलासाठी हवा भरायचा छोटा टब आणि प्लास्टिकचा मग नेला होता. या दोन वस्तूंनी आठवडाभर फार साथ दिली.

जहाजाचे नियम

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींवर ही अट बारा महिन्यांची असते. मुलांच्या खेळघरात तीन वर्षांवरचं, डायपर सुटलेलं मूलच एकटं सोडता येतं. हे आम्हाला माहीत होतं. डायपरमधल्या मुलाला मोठ्या तरणतलावात उतरवू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही, हे मात्र जहाजावर चढल्यावर कळलं. नियम आरोग्याचा आहे आणि योग्यच आहे. पण ताईला पाण्यात पाहून काठावर हात पसरून रडणारा धाकटा बघवत नव्हता. वीस महिन्यांचं मूल घेऊन जाणाऱ्यांनी जहाज ठरवण्याआधीच विचारावं, की बाळांसाठी वेगळी उथळ पाण्याची जागा आहे का. आम्ही घसरगुंड्या किती ते मोजलं, हे विचारलं नाही.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत झाली. १३ जानेवारी २०१२ ला कोस्ता कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून ३२ माणसं गेली. काही प्रवासी काही तासांपूर्वीच चढले होते आणि त्यांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणं बंधनकारक झालं. मुलांच्या मनगटावर जमण्याच्या जागेचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात. मुलीने तो आठवडाभर काढू दिला नाही. खोलीत लहान मापाची जीवरक्षक जाकिटं आहेत का ते पाहिलं, तर नव्हती. सांगितल्यावर अर्ध्या तासात आली.

पहिली रात्र

बार्सिलोनाहून मार्सेयला जाताना लायनचं आखात लागतं. फ्रान्सच्या दऱ्यांतून खाली येणारा मिस्त्राल हा जोराचा वारा इथे समुद्र खवळवतो. मध्यरात्री मुलीला उलटी झाली आणि तासाभराने दुसरी. आजींनी लगेच सांगितलं, “बोट लागली तिला.” दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, दोनच्या आतल्यांना क्वचितच. धाकटा शांत झोपला होता, तेव्हा आजींचा अंदाज बरोबर वाटत होता.

पण उलटीचं दुसरंही एक कारण असू शकतं, नोरोव्हायरस. जहाजासारख्या बंदिस्त जागेत तो झपाट्याने पसरतो, म्हणून उलट्या-जुलाब झाले की लगेच कळवा अशी सूचना खोलीतच लावलेली असते. नवरा म्हणाला, “कळवलं तर कोंडून ठेवतील, मार्सेय जाईल.” आजोबाही त्याच्याच बाजूचे. मी कळवलं. या सबंध प्रवासातला मला सर्वांत बरोबर वाटणारा निर्णय हाच आहे. हजारो माणसं एकाच भोजनगृहात जेवत होती, त्यांत आमच्यासारखीच पोरं आणि सत्तरी ओलांडलेली माणसं होती. आपली एक सहल वाचावी म्हणून त्यांना धोक्यात घालायचं नाही, एवढं मला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं.

सकाळी नर्सने तपासलं. ताप नाही, जुलाब नाहीत, तरी सावधगिरी म्हणून तो दिवस मुलीने खोलीतच राहावं असं ठरलं. मी तिच्याजवळ थांबले. बाकीचे चौघं मार्सेयला जाऊन आले. खोलीत जेवण आलं. आल्याचा तुकडा चोखत, डेकवरचे लोक मोजत आम्ही दोघींनी दिवस काढला. संध्याकाळपर्यंत ती टुणटुणीत झाली, आणि बाकी कुणालाही काही झालं नाही. तपासणीचे पैसे जहाजाच्या बिलात आले. त्याची पावती आणि नर्सच्या सहीचा कागद मागून घेतला म्हणून विम्याचा दावा करता आला. औषध आपल्या मनाने देऊ नका. मोठ्यांच्या बोट लागण्याच्या गोळ्या लहानांना चालतातच असं नाही, निघण्याआधीच मुलांच्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घ्या. आणि दारादारांत ठेवलेल्या जंतुनाशक द्रवावर विसंबू नका. नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबणाने घासून हात धुवावे लागतात.

जेनोआ ते व्हॅलेटा

भारत आणि तिकडचा उन्हाळा यांत साडेतीन तासांचा फरक. मुलं पहाटे चारला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला पेंगुळलेली. आम्हाला रात्री साडेनऊची जेवणाची पाळी मिळाली होती. ती पहिल्याच दिवशी रद्द करून संध्याकाळी साडेपाचला बुफेवर जेवू लागलो. पहाटे पाचला डेकवर फक्त आम्ही आणि फरशा धुणारे कामगार. त्यातला एक मालवणचा निघाला. भोजनगृहातला एक वाढपी मडगावचा होता. आजींना त्याची कोकणी कळायची, त्याला त्यांचं मालवणी. तिसऱ्या दिवसापासून धाकट्यासाठी साधा भात आणि बिनतिखटाची डाळ न मागता येऊ लागली. गोवा आणि कोकणातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर कामाला आहेत हे ऐकून होते. आठ-आठ महिने घरापासून लांब राहणाऱ्या त्या मुलाने आमच्या पोराच्या ताटाची इतकी काळजी घ्यावी, याने जीव भरून आला.

जेनोआत धक्क्यापासून जुन्या बंदरातल्या मत्स्यालयापर्यंत रमतगमत अर्धा तास चाललो. कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून १९९२ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी ते उभारलं, आराखडा रेन्झो पियानो यांचा. मुलं दोन तास शार्क आणि पेंग्विन पाहत राहिली. बाहेर एका भट्टीत फारिनाता मिळाली: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच कालवून तांब्याच्या मोठ्या परातीत भाजलेली. आजींनी पहिला घास घेऊन म्हटलं, “हे तर आपलं बेसनाचं धिरडं!” धाकट्याने परदेशातलं पहिलं पोटभर जेवण तिथे केलं.

नेपल्सला ठरल्याप्रमाणे फाटाफूट केली. नवरा आणि आजोबा पॉम्पेईला, मी, आजी आणि मुलं गावात. धक्क्यासमोरच तेराव्या शतकातला कास्तेल नुओव्हो आहे. त्याचे बुरूज पाहिले, पिझ्झा खाल्ला, एक वाजता जहाजावर परत. धाकटा झोपला. पॉम्पेईच्या रस्त्यांवर मोठमोठे काळे दगड आहेत, पाणी वाहत असताना रस्ता ओलांडता यावा म्हणून उंच पायरीदगड आहेत. बाबागाडी तिथे निरुपयोगी, हे वाचलं होतं म्हणूनच मी गेले नव्हते.

त्या दिवशी साडेपाचपर्यंत जहाजावर परत यायचं होतं, सहाला सुटणार होतं. दोघं दोनला पॉम्पेईतून निघणार होते. पण इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेलं ते शहर खूप मोठं, आणि आजोबांना अँफिथिएटर पाहायचं होतं. ते अगदी पूर्वेच्या टोकाला, लोकलचं स्टेशन पश्चिमेच्या दाराशी. उन्हात, दगडांवरून, सत्तरीतल्या गुडघ्यांनी परत यायला त्यांना पाऊण तास लागला. ठरलेली लोकल गेली. पुढचीला गर्दी. नेपल्स स्टेशनबाहेर टॅक्सीसाठी रांग. पाच वाजून वीस मिनिटांनी ते चढले. त्याआधीचा तासभर मी बाल्कनीत उभी होते, खाली धक्क्याकडे बघत, मुलीच्या ‘बाबा कुठे’ला उत्तर देत. आमचे पासपोर्ट जहाजाच्या काउंटरवर जमा होते. त्या दोघांकडे फक्त फोनमधला फोटो.

जहाज उशीर झालेल्या प्रवाशांसाठी थांबत नाही. आपल्या खर्चाने पुढचं बंदर गाठावं लागतं. जहाजानेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर मात्र थांबतात, म्हणूनच ती महाग असते. लांबच्या ठिकाणी ती घ्यायला हवी होती, आणि आजोबांच्या चालीचा हिशेब मीच वहीत मांडला नव्हता. मुलांच्या झोपेची नोंद मिनिटामिनिटाची, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांची काहीच नाही. ही चूक मला अजून बोचते. आजोबा त्या रात्री थकून लवकर झोपले, पण झोपण्याआधी नातीला राखेत सापडलेल्या पावांची गोष्ट सांगून झोपले.

मेस्सिनाबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. धक्क्यापासून कॅथेड्रल चालत दहा मिनिटांवर. तिथल्या घंटाघरावर स्ट्रासबुर्गच्या उंगेरर कारखान्याने केलेलं, १९३३ साली बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला वरचा सोन्याच्या रंगाचा सिंह निशाण हलवतो, शेपटी हलवतो आणि गर्जना करतो. सगळ्या चौकात ती घुमते. मग कोंबडा पंख उघडून आरवतो. त्यानंतर संगीत सुरू होतं आणि एकामागून एक मूर्ती सरकत येतात. फुकट. मुलगी खेळघरात इटालियन मुलांकडून ‘आंकोरा’ शिकली होती, म्हणजे ‘आणखी एकदा’. ती चौकात उभी राहून ‘आंकोरा, आंकोरा’ ओरडत होती आणि शेजारच्या इटालियन आजीबाई टाळ्या वाजवत होत्या. एक वाजता आम्ही जहाजावर होतो आणि धाकटा वेळेवर झोपला. आमच्या सहलीतला सर्वांत चांगला दिवस हाच, आणि माझ्या वहीत त्याच्यापुढे फक्त ‘घड्याळ?’ एवढंच लिहिलेलं होतं.

व्हॅलेटात सकाळी ग्रँड हार्बरमध्ये जहाज शिरताना सगळे डेकवर होतो. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे तट. गाव उंचावर, पण तटाला लागून ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, बाबागाडीसह थेट वरच्या बागेत पोहोचलो. बाराला तिथे तोफ डागतात. मी धाकट्याचे कान झाकले होते, तरी तो दचकून रडला आणि अर्धा तास कडेवरून उतरला नाही. लहान मूल असेल तर बागेच्या मागच्या टोकाला उभं राहा.

समुद्रावरचा दिवस आम्ही काहीच न करता घालवला.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट सकाळी धक्क्यावर मिळतात. आम्ही दुधाची पावडर त्यातच भरून मोकळे झालो आणि सकाळी सहाला भुकेलं पोर घेऊन भोजनगृहाचं दार उघडण्याची वाट पाहत बसलो. एका वेळचं दूध, डायपर, कपड्यांचा एक जोड आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवायची, हे मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

पुढच्या नोव्हेंबरात आजी-आजोबा दोघंच रोमला जाणार आहेत, पाच दिवस. व्हिसाचा अर्ज या वेळी इटलीकडे.